एकशे त्रेचाळीस चौकटी

४ फेब्रुवारी

मामा,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं मामी तुला तिच्या पद्धतीने सांगते. मागच्या वेळी मी 'बरी आहे' एवढंच म्हणाले, तर मामीने तुला 'वाळलीय, जेवत नाही' असं सांगितलं आणि ते आईपर्यंत पोहोचलं. म्हणून पत्र.

तू वर्कशॉपमध्ये ज्या सॉफ्टवेअरवर लाकूड कापायचं मशीन चालवतोस, त्याच्याच ऑफिसात मला काम मिळालंय. ऑफिस म्हणजे तीन टेबलं आणि एक न उघडणारी खिडकी. पण जगभरची दोनशे माणसं आपापल्या घरून, हौसेने हे सॉफ्टवेअर सुधारत असतात. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्या, वापरा, चूक दिसली तर दुरुस्त करा आणि दुरुस्ती सगळ्यांना द्या. पगारी आम्ही तिघंच: प्रमुख बाई, एक दाढीवाला प्रोग्रामर, आणि सहा महिन्यांच्या करारावर मी.

माझ्याकडे मॅन्युअल आहे. सहाशे बारा पानं, एक्केचाळीस फायली, पंधरा वर्षांत अनेकांनी लिहिलेल्या. कुणी अक्षरांना रंग दिलाय, कुणी कोपऱ्यात फुलं काढलीत. एक ओळ बदलायची तरी जीव जातो. ते सगळं आता साध्या मजकुरात आणायचं, म्हणजे त्याच मजकुरातून वेबसाइटही निघेल आणि छापील पुस्तकही. हाताने करत बसले असते तर वर्ष गेलं असतं. मी एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कंप्युटरला दिलेली सूचनांची यादी: हे दिसलं तर असं कर, ते दिसलं तर तसं कर. अकरा मिनिटांत अख्खं मॅन्युअल नव्या रूपात आलं, जुना कचरा गळून पडला. पहिली सहा प्रकरणं मी ओळ न् ओळ ताडून पाहिली. एक शब्द हरवलेला नाही.

अभ्यासात अडलं की घरात मला विचारायला कुणी नव्हतं, हे तुला माहीत आहे. मी पुस्तकांनाच विचारायचे. जगात कुठेतरी एखादा माणूस मशीनसमोर एकटाच उभा असेल आणि त्याला हे मॅन्युअल सांगेल, या विचाराने मला रोज सकाळी ऑफिसात पळत जावंसं वाटतं. हसू नकोस.

पहिल्या पानावर 'रूपांतर' या शब्दाखाली माझं नाव आहे. छापून बघ.

तुझी भाची

---

११ फेब्रुवारी

वकीलबाई,

(लहानपणी माझ्याशी जो वाद घातलास, त्याची ही सनद आहे. जन्मभर पुरेल.)

मॅन्युअल मालकाच्या प्रिंटरवर छापलं. शाई संपली. मालक बरंच काही बोलला. मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचे फायदे असतात.

'सगळ्यांचं' म्हणजे कुणाचंच नाही, असा माझा अनुभव. नाक्यावरच्या सार्वजनिक नळाची तोटी कधी जागेवर दिसली का? पण तुझी पानं पाहिली आणि वाटलं, असाही एखादा नळ असू शकतो. काय मोकळं छापलंय. डोळ्यांना त्रास नाही. पहिलं पान काढून स्विचबोर्डच्या वर चिकटवलं. येणारा-जाणारा वाचतो. नाही वाचलं तर मी वाचून दाखवतो.

बरं झालं वेळेवर आलं. मालकाने सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती परवाच टाकून घेतली आणि निम्मी बटणं इकडची तिकडे झाली. मशीनवाल्याने त्या आवृत्तीबरोबर छापील मॅन्युअल दिलं होतं, जुन्या धाटणीचं, करडं-करडं. ते न उघडता कपाटावर टाकलं. घरचं असताना परक्याचं कशाला? तीस वर्षं हाताला विचारून काम केलं, आता भाचीला विचारून करतो. रोज एक प्रकरण.

मामी म्हणते जेवत जा.

मामा

---

५ मार्च

वकीलबाई,

अक्षर बघून दचकू नकोस. मामी लिहितेय. माझ्या उजव्या हाताला जरा लचक भरलीय. (मी फक्त लिहितेय. सांगतोय तो. — मामी) हिला कंस घालू नकोस म्हटलं तरी ऐकत नाही.

एक सहज विचारतो. जुन्या धाटणीच्या पानांवर मधेमधे करड्या रंगाच्या चौकटी असायच्या. तुझ्या पानांवर त्या नाहीत. मुद्दाम काढल्यास का? घाई नाही, सवडीने कळव. (घाई आहे. — मामी) कशाची घाई आहे? कसलीही घाई नाही.

तुझी कायमची नेमणूक कधी ठरणार, तेही लिही. आईला लचकेबद्दल काही बोलू नकोस. ती लेप घेऊन येईल.

मामा

---

९ मार्च

मामा आणि मामी,

लचक असेल तर जड उचलू नकोस आणि मामीचं ऐक. दोन्ही तुला जमत नाही.

चौकटींचं तुझ्या लक्षात आलं, म्हणजे तू खरंच पानन् पान वाचलंस. इथे दाढीवाल्यालाही ते दिसलं नव्हतं. हो, मुद्दाम काढल्या. जुन्या फायलींमध्ये एकाच खान्याचे तक्ते पडलेले होते, छापल्यावर त्यांच्याच चौकटी दिसतात. कुणी त्यात नक्षी ठेवली होती, कुणी नुसती मोकळी जागा सोडायला तक्ता घातला होता. पहिल्या सहा प्रकरणांत जिथे बघावं तिथे तेच. म्हणून स्क्रिप्टला सांगितलं, एकाच खान्याचा तक्ता दिसला की ती सजावट समज आणि टाकून दे. म्हणून तर पानं मोकळी दिसतात. तुला आवडली म्हणालास, त्याचं श्रेय त्या एका ओळीला.

नेमणूक ३० एप्रिलला ठरेल. त्याच दिवशी नवं मॅन्युअल अधिकृत म्हणून जाहीर व्हायचंय. सध्या 'चाचणीसाठी' असं लिहून ठेवलंय, तरी नऊशे सात जणांनी डाउनलोड केलं. बाई कौतुक करत नाहीत, पण काल माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं काय काय करायचंय, त्याची यादी करून ठेव." पुढच्या वर्षीचं, मामा.

तुझी भाची

---

२७ मार्च

मामा,

तीन आठवडे होत आले. लचक इतके दिवस राहत नाही, आणि मामीचा हात तर चांगला आहे. फोन केला तर मामी म्हणाली, "तो बाहेर गेलाय." तू सुट्टीच्या दिवशीही बाहेर?

माझं काही चुकलं का? मागच्या पत्रात मी फार मिरवलं, असं आता वाटतंय. तसं असेल तर कान धर, पण गप्प बसू नकोस.

तुझी भाची

---

३१ मार्च

वकीलबाई,

हे पत्र मी तुझ्या मामाला न विचारता लिहितेय, तेव्हा कंस लागणार नाहीत.

लचक-बिचक काही नाही. १ मार्चला मशीनमध्ये त्याचा हात सापडला. दोन बोटं मोडली आणि तळव्याला नऊ टाके पडले. डॉक्टर म्हणतात बोटं वळतील, पूर्वीसारखी वळतील का ते नंतर कळेल. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. ती इथे येऊन रडेल आणि मला दोघांना सांभाळावं लागेल.

झालं असं की बेडवर, म्हणजे मशीनखाली लाकूड ठेवायच्या सपाट फळीवर, लाकडाचा तुकडा अडकला. तुझ्या पुस्तकात तीन पायऱ्या दिल्यात: 'थांबा' दाबा, कटर थांबू द्या, तुकडा काढा. त्याने त्याच क्रमाने केलं. पण नव्या आवृत्तीत 'थांबा' दाबल्यावर तीस सेकंदांनी मशीनचा वरचा सांगाडा आपणहून सरकत कोपऱ्यातल्या जागेवर जातो. आधी तीन शिट्या देतो म्हणे. तुझ्या मामाला शिट्या ऐकू येत असत्या तर तू पत्रं कशाला लिहिली असतीस?

दवाखान्यातून आल्यावर त्याने मला वर्कशॉपात पाठवून कपाटावरचं ते जुन्या धाटणीचं मॅन्युअल आणवलं. ते पान मिळालं. फाडून सोबत घातलंय. त्यातली करडी चौकट वाच. मग त्याने तुला 'सहज' विचारलं. तुझं उत्तर आलं ते त्याने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "हिला माहीतच नाही गं." मग ठरवलं, ३० तारखेपर्यंत तोंड उघडायचं नाही. नेमणूक होऊ दे, मग बघू.

गप्प बसतोय असं समजू नकोस. जमेल त्या दिवशी हात गळ्यात अडकवून घराबाहेर पडतो. ज्या वर्कशॉपात हे मशीन आहे, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो आणि हात दाखवून सांगतो, थांबा दाबलं तरी हात घालू नका. तीन वर्कशॉपं झाली. चौथं बसने दोन तासांवर आहे. परवा गेला, ते बंद होतं, हात हलवत परत आला. हलवत म्हणजे एकच. मी म्हटलं, छापायची चौकट राहिली आणि तू चालतीबोलती चौकट झालास.

मला तुझा राग आला होता. चांगले आठ दिवस होता. तू पत्रात विचारलंस, काही चुकलं का. चुकलंय, म्हणून सांगितलं. पुढचं तू बघ. घरात शिकलेली तूच आहेस.

मामी

---

४ एप्रिल

मामा आणि मामी,

पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं. नंतर सोबतचं पान वाचलं. 'सावधान. थांबा दाबल्यानंतर तीस सेकंदांनी यंत्र आपोआप मूळ जागी जाते. बेडवर हात घालण्यापूर्वी मुख्य लाल बटण दाबून वीज बंद करा.' दोन वाक्यं. माझ्या स्क्रिप्टने ती सजावट म्हणून टाकली. स्क्रिप्टने म्हणजे मी.

तू किती दिवस दुखणं काढलंस आणि मी तुला 'मामीचं ऐक' असा सल्ला दिला. त्याबद्दल काय लिहावं ते सुचत नाहीये. केलं काय ते लिहिते.

जुन्या एक्केचाळीस फायली एकेक करून उघडल्या, या वेळी डोळ्यांनी. सातव्या प्रकरणापासून पुढे सूचना लिहिलेल्या एकशे त्रेचाळीस चौकटी आहेत. चष्मा घाला. धूळ ओढणारा पंखा बंद असेल तर सुरू करू नका. ओल्या लाकडाला हा वेग देऊ नका. एकीत कुणीतरी नुसतं लिहिलंय, 'इथे घाई करू नका, मी केली होती.' पहिल्या सहा प्रकरणांत अशी एकही नाही, कारण तिथे सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं आणि पडद्यावर कुठे काय असतं एवढंच आहे. जिथे कुणाला इजा होऊच शकत नाही तेवढाच भाग मी तपासला आणि बाकीच्याची खात्री तुला दिली.

त्याच दिवशी बाईंना सांगितलं. मॅन्युअल वेबसाइटवरून काढलं. बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांचा हात कसा आहे?" मामीने लिहिलं होतं तेवढं सांगितलं. महिनाभर मला तेही माहीत नव्हतं.

दाढीवाला चांगला माणूस आहे. बाहेर येऊन म्हणाला, "चौकटी परत घाल आणि 'मांडणीत सुधारणा' अशी नोंद कर. रोज अशा दहा नोंदी होतात. कुणी वाचत नाही."

मी म्हटलं, "कुणी वाचत नाही हीच तर अडचण आहे."

"तुझ्या नेमणुकीचा विचार करतोय मी."

"माझा मामापण तेच करत होता."



मामा, वेबसाइट दुरुस्त होईल, पण ज्यांनी छापून मशीनजवळ ठेवलंय त्यांना कसं कळणार? डाउनलोड करणाऱ्यांचे पत्ते आमच्याकडे आहेत, पण सगळ्यांना पत्र फक्त अपघाताची तक्रार नोंदली गेली तरच जातं, आणि ती ज्याला इजा झाली त्यानेच लिहायची असते. दुसऱ्याचं ऐकून कुणी लिहू नये म्हणून तसा नियम आहे. फॉर्म सोबत पाठवतेय. काय झालं, कुणामुळे झालं, सगळं लिही. माझं नाव घालायला कचरू नकोस.

तुझी भाची

---

८ एप्रिल

वकीलबाई,

फॉर्म परत पाठवतोय. कोरा.

मामी फितूर झाली, त्याचं मी आणि ती बघून घेऊ. (बघून घेतलं. तो हरला. — मामी)

तू बोलून बसलीस, आता इलाज नाही. पण माझ्याकडून हे होणार नाही. आपल्या घरात आजवर कुणाचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. मतदार यादीतसुद्धा माझं चुकीचं आहे. तुझं आलं, आणि त्याच नावापुढे मी लिहू की हिच्यामुळे माझा हात मोडला? तुझ्या बाई ३० तारखेला काय समोर ठेवून नेमणूक ठरवणार? मामाची तक्रार?

आणि दोष तुझा एकटीचा नाही. चालू मशीनच्या बेडवर हात घालायचा नसतो, हे मी तीस वर्षं लोकांना सांगतोय. दुसरं मॅन्युअल हाताशी होतं. कौतुकाच्या भरात मी ते उघडलं नाही. तुझ्या पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर माझी भीती गेली. त्याला तू काय करशील?

चौथं वर्कशॉप सोमवारी उघडं असतं, असं कळलंय. तिथे जाऊन येतो. (जाऊ देणार नाही. — मामी)

मामा

---

११ एप्रिल

मामा,

तू तीन ठिकाणी गेलास. मॅन्युअल नऊशेहून जास्त ठिकाणी गेलंय. बस कुठे कुठे जाते?

तुला काय वाटतं, ३० तारखेला मी त्या खुर्चीत बसले आणि मे महिन्यात कुठल्यातरी गावात कुणाचातरी हात सापडला, तर मला ती खुर्ची बोचणार नाही? त्याचीही भाची असेल. तिला मी काय पत्र लिहू? की माझ्या मामाला माझी फार काळजी होती?

तू मला शिकायला पाठवलंस तेव्हा आईला म्हणाला होतास, "शिकली की हिला कुणी फसवणार नाही." आईने मला ते पुष्कळदा सांगितलंय. मामा, महिनाभर तू मला फसवलंस. प्रेमाने फसवलंस हे कळतं, म्हणून राग येत नाही, पण फसवलंस. मी कुठे चुकले हे मला सोडून तीन वर्कशॉपांना माहीत होतं.

नेमणुकीचं विचारशील तर बाई म्हणाल्या, "तक्रार आल्याशिवाय मी काहीच ठरवणार नाही. तुझ्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही." मला ते पटलं. काहीही ठरलं तरी खरं समोर ठेवून ठरू दे.

फॉर्म पुन्हा पाठवतेय. हा शेवटचा नाही. माझ्याकडे प्रिंटर आहे आणि त्यात शाई आहे.

तुझी भाची

---

१५ एप्रिल

अपघाताची तक्रार

तक्रारदार: लाकूडकामाच्या वर्कशॉपमधला मशीन ऑपरेटर. अनुभव एकतीस वर्षं.

अपघाताची तारीख: १ मार्च, सकाळी साडेदहा.

इजा: उजव्या हाताची दोन बोटं मोडली, तळव्याला नऊ टाके. प्लास्टर निघालंय. मधलं बोट वळतं. शेवटचं अजून माझं ऐकत नाही.

काय घडलं: तुकडा अडकला. नव्या मॅन्युअलमध्ये, प्रकरण एकोणीस, सांगितलंय तसं 'थांबा' दाबलं, कटर थांबू दिला आणि हात घातला. तीस सेकंदांनी मशीन स्वतःहून हललं. ते हलणार आहे ही सूचना जुन्या धाटणीच्या मॅन्युअलमध्ये आहे, नव्यात नाही. मशीन आधी शिट्या देतं, पण मला कमी ऐकू येतं. लाकूडकामात तीस वर्षं काढलेल्या बहुतेकांना कमी ऐकू येतं. तिथे दिवा लावा. हे कुणी आधी का नाही सांगितलं, असं विचाराल तर उत्तर असं की आम्हाला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर ऐकू आलं नसतं.

दोष कुणाचा: मॅन्युअलचं रूपांतर करणारीचा. चौकटीत काय लिहिलंय ते न वाचता तिने चौकट काढली. ती माझी भाची आहे. मी हे लिहावं म्हणून तिने मला दोनदा फॉर्म पाठवला. पहिला मी कोरा परत केला, त्यात सात दिवस गेले, आणि त्याआधी महिनाभर मी गप्प बसलो. त्या दिवसांत आणखी कुणाला इजा झाली असेल तर तो दोष माझा, तिच्या नावावर टाकू नका.

काय करावं असं वाटतं: मॅन्युअल घेतलेल्या सगळ्यांना आजच कळवा. उद्यावर टाकू नका. दुरुस्तीचं काम तिच्याकडेच ठेवा. नोकरीत ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही, पण या एकशे त्रेचाळीस चौकटी दुसऱ्या कुणाला देऊ नका. दुसरा माणूस त्या जागेवर नेऊन ठेवेल. माझी भाची प्रत्येक चौकट वाचेल. मी तिला लहानपणापासून ओळखतो, एकदा ठेच लागली की ती त्या रस्त्यावरचा दगडन् दगड मोजते. वाचून झालेलं प्रकरण मला पाठवावं. मी सध्या रिकामाच आहे, मशीनजवळ उभं राहून ताडून बघीन.

सही: डाव्या हाताने केली आहे. बँकेत चालणार नाही. तुम्ही चालवून घ्या.